वहीत नसलेलं भाषण

मी तिरसट माणूस आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं वाचताना कोणाला माझी उगाच दया यायला नको. फुलचूरच्या आमच्या गल्लीत मला दोन तऱ्हेचे लोक ओळखतात. म्हातारे लोक राजा म्हणून ओळखतात आणि नवे लोक प्रेत म्हणून. समोरच्या घरात रायपूरकडचे भाडेकरू आले आहेत. त्यांची सून परवा फाटकाशी थांबून म्हणाली, "अंकल, वो सीरियल में जो डेडबॉडी थी, वो आप ही थे ना?" मी म्हटलं, "हाँ, मैं ही था." "बहुत अच्छा किया आपने," असं म्हणून ती स्कूटी काढून निघून गेली. त्या दिवशी माझ्याशी कोणी बोललं ते एवढंच. दूधवाला बोलत नाही, पिशवी फाटकाला अडकवून जातो.

प्रेताचं पुढं सांगतो. आधी राजाचं सांगतो.

आमच्या झाडीपट्टीत धान कापून झालं की नाटकं सुरू होतात. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे आमची जत्रा, भरते, लेकी-जावई येतात, दिवसा बाजार आणि दंडारीची नाचगाणी, रात्री नाटक. होळीपर्यंत हेच चालतं. कंपनी रोज नव्या गावात, नाटक रोज वेगळं. आज राजा, उद्या दारुडा बाप, परवा इन्स्पेक्टर. एवढं पाठ करायला वेळ कोणाला? म्हणून आमच्याकडे नाटक प्रॉम्टिंगवर चालतं. विंगेत प्रॉम्टर वही घेऊन बसतो, वाक्य हळू आवाजात सांगतो आणि नट ते उचलून लोकांसमोर फेकतो. पुण्या-मुंबईचे लोक याला हसतात. हसू द्या. कानानं वाक्य घ्यायचं, तोंडानं बोलायचं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आणायचं, हे त्यांनी एकदा करून बघावं.

माझी प्रॉम्टर माझी बायको होती.

तिचा बाप आमच्या कंपनीत प्रॉम्टर होता. त्याला दम्यानं धरलं. एका नाटकात तो विंगेत खोकला, ते वाक्यच आहे असं समजून मीही स्टेजवर खोकलो. लोकांना वाटलं राजाला विष दिलं. दुसऱ्या दिवशी मॅनेजर त्याला म्हणाला, तुमच्या मुलीला बसवा, तिला वाचता येतं. ती सातवी शिकलेली होती. उजव्या विंगेत कपड्यांच्या पेटीवर बसायची, मांडीवर वही, हातात टॉर्च. तिचा आवाज माझ्या कानापर्यंत बरोबर यायचा आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला पत्ता लागायचा नाही. दोन हंगाम तो आवाज ऐकला आणि तिसऱ्या हंगामाआधी मी तिच्या बापाकडे गेलो. तो म्हणाला, "लगन करून राहिले का प्रॉम्टर नेऊन राहिले?" मी म्हटलं, "दोन्ही." मला वाटलं मी मोठा विनोद केला.

घरी आम्ही फार बोलायचो नाही. म्हणजे मी बोलायचो नाही. आवाज जपायचा, असं माझं कारण होतं. हंगाम संपला तरी ते कारण संपायचं नाही. ती भाजी निवडता निवडता म्हणायची, "घरी बी वही घेऊन बसू का जी? मंग तरी दोन शब्द बोलाल." मी पेपर डोळ्यांसमोर धरायचो. ती हसायची आणि दुसरंच काही सांगायला लागायची, शेजारणीचं, मुलीच्या शाळेचं, मांजरीचं. मला वाटायचं हे असंच चालू राहणार. रेडिओसारखं, आपण ऐकलं काय आणि न ऐकलं काय.

ज्या नाटकानं मला राजा केलं त्याचं नाव इथं सांगत नाही. त्यात एका राजाचं राज्य त्याचा भाऊ बळकावतो. तिसऱ्या अंकाच्या शेवटी राजा रिकाम्या दरबारात एकटा उभा राहतो आणि सिंहासनाचा निरोप घेतो. 'सिंहासनाचं भाषण' म्हणून ते तिरोड्यापासून देवरीपर्यंत माहीत होतं. "आम्ही गेल्यावर या सिंहासनावर धूळ बसू देऊ नका. धूळ बसली, की इथं कधी कोणी बसलंच नव्हतं असं वाटतं." अशी त्याची सुरुवात. पुढं पुष्कळ होतं. बाया पदर डोळ्याला लावायच्या, बाप्ये खाकरायचे. लोक दुसऱ्या गावच्या मंडईतून सायकली मारत यायचे, तिसऱ्या अंकापर्यंत पोचलं म्हणजे झालं. त्या एका भाषणावर मी तीस वर्षं राजा होतो. मला त्याचा माज होता, खोटं कशाला सांगू.

त्या भाषणामुळंच मला सिनेमा मिळाला. मुंबईचा एक डायरेक्टर दरेकसाच्या स्टेशनावर शूटिंग करायला आला होता. कोणीतरी त्याला माझं नाव सांगितलं. एक पानभर डायलॉग होता, गावच्या पाटलाचा. बायकोनं विचारलं, "मी येऊ का सोबत?" मी म्हटलं, "सिनेमात विंग नसते. तू तिथं काय करशील?" मी एकटाच गाडीत बसलो. लाइट लागले, कॅमेरा फिरला, डायरेक्टर ॲक्शन म्हणाला, आणि मी उभा. मान जराशी उजवीकडे करून उभा. तो म्हणाला, "काका, बोलिए." मी म्हटलं, "तुमी सांगा तर बोलतो." तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा त्यानं विचारलं, "काका, उधर क्या है? किसको देख रहे हो?" उधर काय होतं? सिग्नलचा खांब आणि त्यामागं जंगल. शेवटी त्यांनी माझा डायलॉग दुसऱ्याला दिला आणि मला बाजेवर बसवलं. घरी येऊन मी सांगितलं की तिथला माइक खराब होता. ती म्हणाली, "असंन." आणि वरण गरम करायला गेली.

पण माझा चेहरा त्यांना आवडला असावा. त्यानंतर बोलावणी आली, सगळी न बोलायची. बाजेवर बसलेला जमीनदार, कोर्टात बसलेला म्हातारा, देवळाच्या पायरीवर बसलेला आणखी एक म्हातारा. आणि मग ते प्रेत. मेलेल्या माणसाला प्रॉम्टिंग लागत नाही, त्यामुळं ते काम मी झकास केलं. आम्ही दोघांनी ते टीव्हीवर पाहिलं. ती म्हणाली, "चांगले मेले तुमी. श्वास बिलकुल दिसला नाई." मीही हसलो. तिच्यासमोर मी मोकळेपणानं हसलो असे प्रसंग कमीच, म्हणून हा लक्षात आहे.

दोन वर्षांपूर्वी पौषात ती गेली. शेवटचे चार दिवस दवाखान्यात होती. एक बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती. नर्स म्हणाली, "बात करते रहिए अंकल, उनको सुनाई देता है." मी स्टूल ओढून बसलो. काय बोलू? जन्मात पहिल्यांदा तिला माझ्याकडून वाक्य पाहिजे होतं आणि माझ्याजवळ एकही नव्हतं. मी तिच्या ओठांकडे बघत बसलो. खरंच सांगतो, मी वाट बघत होतो की ती सांगेल आणि मग मी बोलेन. चौथ्या दिवशी मी विचारलं, "पानी पायजे का?" ते तिला ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही.

त्यानंतर मी स्टेजवर गेलो नाही. कंपनीनं एक-दोनदा विचारलं, मी गुडघ्याचं कारण सांगितलं. मुलगी नागपूरला असते, रविवारी फोन करते. "बाबा, जेवला का?" "जेवलो." "गोळ्या?" "घेतल्या." मग दोन्हीकडून थोडा वेळ नुसता फोन चालू राहतो. ती तिच्या आईवर गेलेली असती तर तिनं पुढं काही सांगितलं असतं. पण ती माझ्यावर गेली आहे.

मागच्या दिवाळीआधी माझ्या गावचा मंडई मंडळाचा अध्यक्ष घरी आला. तिरोड्याच्या अलीकडं माझं गाव. अध्यक्ष धानाचा व्यापारी, अंगानं जाड आणि मनानं चांगला. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला, "दादा, औंदा मंडईत तुमचा सत्कार करून राहिलो आमी. दिवसा, चार वाजता. पन एक गोठ हाये. ते सिंहासनाचं भाषन म्हनून दाखवा लागते."

"आता वय झालं बाप्पा."

"काऊन लाजता जी? अख्खं गाव वाट पाहून राहिलं. माया मायनं त सांगितलं, ते भाषन नाई तर शाल कायले देता म्हने."

मी आढेवेढे घेतले ते नटानं घ्यायचे तेवढेच घेतले. आतून मी फुललो होतो. कंपनीनं विचारणं सोडल्यापासून कोणी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. अध्यक्ष गेल्यावर मी आरशासमोर उभा राहिलो, खांदे मागं घेतले आणि सुरुवात केली. "आम्ही गेल्यावर या सिंहासनावर धूळ बसू देऊ नका. धूळ बसली, की इथं कधी कोणी बसलंच नव्हतं असं वाटतं." आणि पुढं काही नाही. आरशात एक म्हातारा तोंड उघडं ठेवून उभा होता.

घाबरलो नाही. पाठ नव्हतंच कधी, वही आहे ना. तिच्या पेटीत सगळ्या वह्या होत्या, कापडात बांधलेल्या. राजाची वही तिच्या बापाच्या अक्षरातली, वाक्यं निळ्या शाईत आणि सूचना लाल शाईत. तिसरा अंक काढला, शेवटचं पान काढलं. तिथं लिहिलं होतं: राजा, सिंहासनाकडे पाहून, "ठीक आहे. आम्ही जातो." आणि लाल शाईत, जातो. पडदा.

मला वाटलं मधलं पान फाटलं. पानांना आकडे घातलेले होते, ते पाहिले. एकही पान गेलेलं नव्हतं. वहीच्या मागं पाहिलं, पुठ्ठ्याच्या आत पाहिलं, बाकीच्या सगळ्या वह्या उलटून पाहिल्या. संध्याकाळपर्यंत फरशीवर बसून होतो आणि उठताना पाय सुन्न झाले होते. कुठंच काही नव्हतं.

नाटक लिहिणारे गुरुजी तिरोड्याला राहतात. शाळेतून रिटायर होऊन जमाना झाला, कानानं कमी ऐकतात, म्हणून फोनवर सांगण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं गेलो. पॉवर प्लांटच्या चिमण्या दिसायला लागल्या तसा मी पिशवी घेऊन दाराशी उभा राहिलो. गुरुजी ओसरीत टीव्ही लावून बसले होते. मला ते पहिल्यापासून 'राजे' म्हणतात.

"या राजे. वाट भुलले का?"

"गुरुजी, तिसऱ्या अंकाचं भाषन पायजे होतं. माया वहीतलं पान गेलं वाटते."

"कोनतं भाषन?"

"सिंहासनाचं जी. अजून कोनतं?"

गुरुजींनी सुनेला हाक मारून टीव्ही बंद करायला सांगितला आणि आत जाऊन स्वतःच्या हातची मूळ वही घेऊन आले. पान काढून माझ्यासमोर धरलं. ठीक आहे. आम्ही जातो. जातो. पडदा.

"मी लिवलंच नाई ते, राजे."

"मंग कोनं लिवलं?"

"मले वाटे तुमीच आपल्या मनानं ठोकून राहिले."

"मी?" मला हसायला आलं. "मले आपल्या मनानं कधी काही ठोकता आलं का जी? मले वाटे तुमी लिवलं."

सुनेनं चहा आणून ठेवला. आम्ही दोघं म्हातारे त्या दोन वाक्यांकडे पाहत राहिलो. आम्हा दोघांखेरीज विंगेत कोण बसायचं, हे मोजायला फार हुशारी लागत नव्हती. तरी आम्हाला वेळ लागला.

शेवटी गुरुजी म्हणाले, "मी एक खेप विचारलं होतं बाईले. म्हटलं, हे कुठचं वाचून राहिली तू? तर हासली. म्हने, वहीतच हाये जी, तुमीच लिवलं, तुमीच भुलले. मले ठाव होतं की मी नाई लिवलं. पन लोकं मायाच गळ्यात हार घालून राहिले होते. मी कायले बोलू?"

मला संताप आला. माझा संताप स्टेजवरचा असतो, आवाज एकदम वर जातो. मी म्हटलं, "तीस वर्सं चूप बसले तुमी? लाज नाई वाटली?"

गुरुजी रागावले नाहीत. चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "अन तुमी? मी त पेंडालात बसून राहो. तुमाले त कानात आयकू येत होतं. आज लहान, उद्या मोठं, रोज अलग. तुमाले काऊन समजलं नाई?"

चहा तसाच टाकून मी उठलो, आणि गुरुजी फाटकापर्यंत सोडायला आले.

परतीच्या गाडीत मला खिडकी मिळाली. दोन्ही बाजूंना कापलेलं धान पडलं होतं. मी आठवायचा प्रयत्न करत होतो. रोज अलग होतं, हे खरं होतं. माझा आवाज बसलेला असला की भाषण लहान व्हायचं. थंडी फार असली, लोक कांबळी घेऊन बसलेले असले, की त्यात शेकोटीचं काही यायचं. मुलीचं लग्न झालं त्या आठवड्यात राजा म्हणाला होता, "ज्याला जायचं आहे त्यानं दाराशी थांबू नये. मागं उरलेल्याला मग ते दार लावता येत नाही." त्या दिवशी सगळा पेंडाल रडला होता. आणि मी विंगेत येऊन तिला काय म्हणालो? म्हणालो, "भाषन लांबलं आज, माया घसा दुखून राहिला." ती म्हणाली, "लोकं आयकून राहिले होते ना." मी मुकुट काढून तिच्या हातात दिला आणि पाणी प्यायलो.

म्हणजे ती बोलत होती. घरी मी पेपर आड धरत होतो आणि ती मला तिथं गाठत होती, जिथं मला तिचा शब्द न शब्द ऐकणं भागच होतं. पण ऐकलं कोणी? माझ्या कानातून आत आलं आणि तोंडातून बाहेर गेलं. शेकडो वेळा गेलं आणि डोक्यातून एकदाही गेलं नाही. लोकांपैकी कोणाला तरी आठवत असेल, मला ही दोन-चार वाक्यं सोडली तर नाही. गाडीत माझ्यासमोर एक बाई लेकराला मुरमुरे भरवत होती. तिनं विचारलं, "काका, तब्येत ठीक है ना?" मी मान हलवली. मला तेव्हा मोठ्यानं रडायचं होतं आणि ते मला आपलं आपण जमलं नाही.

रविवारी मुलीला विचारलं, "तुया मायनं कधी काही लिहून ठेवलं होतं का?" ती म्हणाली, "आईनं? बाबा, आई किराण्याची यादीसुद्धा तोंडीच सांगायची." मग तिनं मोबाइलवर शोधलं. त्या नाटकाचा एक व्हिडिओ सापडला. त्यात मी प्रवेश करतो, दोन पावलं चालतो, आणि ज्यानं काढला त्यानं मोबाइल फिरवून त्याच्या बायकोकडं आणि पोरांकडं धरला आहे. ती पोरं शेवटपर्यंत चिवडा खातात. मुलीनं विचारलं, "काय शोधताय तुम्ही?" मी म्हटलं, "काही नाई, असंच." तिच्या आईचं बोलणं शोधतोय, हे तिला सांगायला मला लाज वाटली.

मंडईला आठ दिवस राहिले. आता माझ्यासमोर दोनच वाटा होत्या. एक, काहीतरी जडजड शब्द जोडून राजाच्या आवाजात ठोकून द्यायचे. आसू, रक्त, इतिहास, मातीची शपथ. असले शब्द मला कमी नाहीत, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्याच असत्या. दुसरी वाट म्हणजे खरं सांगायचं. सांगून टाकायचं की तुम्ही ज्याला शाल देता आहात त्यानं एवढंच केलं, की ऐकलं आणि म्हटलं. माझ्यासारख्या गर्विष्ठ माणसाला दुसरी वाट फार अवघड होती. रोज सकाळी मी खरं सांगायचं ठरवायचो आणि संध्याकाळी आरशासमोर जडजड शब्दांची तालीम करायचो.

मंडईच्या दिवशी मला न्यायला गावातून गाडी आली. पेंडालात खुर्च्या लागल्या होत्या, बाहेर आलूबोंडे तळले जात होते, पाळणा फिरत होता. दंडार नुकतीच संपली होती आणि पोरीबाळी, माहेरवाशिणी, म्हाताऱ्या, सगळे पुढं येऊन बसले. अध्यक्षानं शाल घातली, नारळ दिला आणि माइक माझ्या हातात दिला. चार वाजताचं ऊन पेंडालाच्या कापडातून येत होतं. सगळ्यांचे चेहरे दिसत होते. नाटकात ते कधी नीट दिसत नाहीत, समोर अंधार असतो. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा बघत होतो की कोणासमोर उभा राहत आलो.

मी म्हटलं, "आम्ही गेल्यावर या सिंहासनावर धूळ बसू देऊ नका. धूळ बसली, की इथं कधी कोणी बसलंच नव्हतं असं वाटतं."

शिटी वाजली. मग सगळे शांत झाले. माझी मान आपोआप उजवीकडे गेली. उजव्या विंगेत कूलरचा रिकामा खोका ठेवला होता. जडजड शब्द जिभेवर तयार होते, तोंड उघडलं तर बाहेर पडले असते. पण त्या खोक्याकडं पाहून मला ते बोलता येईनात.

"पुढचं मले येत नाई," मी म्हटलं. माइकमधून माझा घरचा आवाज बाहेर आला, तो मलाच ओळखू आला नाही. "हे भाषन मायं नाई. लिवनाऱ्याचं बी नाई. माई बायको तिथं बसून तिच्या मनानं सांगे, अन मी म्हनो. तीस वर्सं तुमी तिले टाळ्या देल्या, अन मी घरी घेऊन गेलो. मले ठाव नोहतं. मी कधी तिले विचारलंच नाई. आता ती नाई, अन दोन-चार वाक्यं सोडली त तिचा एक शब्द बी माया ध्यानात नाई."

एवढंच. त्यात कुठं हातवारे नव्हते, आवाज मध्येच फाटला होता, आणि नाकातून पाणी आलं ते मी शालीला पुसलं. जन्मात पहिल्यांदा मी आपल्या मनानं काही बोललो होतो. अंगातून ओझं उतरल्यासारखं झालं. मी वाट पाहत होतो की आता कोणी उठून म्हणेल, बाप्पा, असं होतं का? तिचं नाव तरी सांगा.

टाळ्या सुरू झाल्या, पुढून सुरू होऊन मागच्या रांगेपर्यंत गेल्या. बाया पदर डोळ्याला लावत होत्या. अध्यक्षाची म्हातारी माय बाजूच्या बाईला सांगत होती, "पाय वो, काय अ‍ॅक्टिंग करते अजून! रडवलं बाई यानं." अध्यक्ष दुसरा माइक घेऊन पुढं आला, त्याचेही डोळे ओले होते. "वा दादा! याले म्हनते कलावंत! नवीन भाषन लिवून आनलं आमच्यासाठी!"

"नाई बाप्पा," मी म्हटलं. "भाषन नाई. खरं सांगून राहिलो मी."

तसा हशा आणि टाळ्या दोन्ही एकदम आले. मागून कोणीतरी ओरडलं, "वन्स मोर!" मग चारी बाजूंनी तेच. वन्स मोर, वन्स मोर. लोक खुर्च्यांवरून उठून उभे राहिले होते.

माइक अध्यक्षाच्या हातात देऊन मी खाली उतरू शकलो असतो. तीन पायऱ्या होत्या. समोर सगळं गाव उभं होतं, दोन वर्षांत माझ्याकडं कोणी असं पाहिलं नव्हतं, आणि घरी जाऊन मी कोणाशी बोलणार होतो? मी हात वर केला. सगळे गप्प झाले. मी खांदे मागं घेतले, एक क्षण थांबलो, मान जाणूनबुजून उजव्या विंगेकडं वळवली आणि राजाच्या आवाजात सुरुवात केली, "पुढचं मला येत नाही. हे भाषण माझं नाही..." 'तीस वर्षं' म्हणताना हात छातीवर नेला. 'बायको' म्हणताना आवाज मुद्दाम फाडला. शेवटचं वाक्य अगदी हळू, मागच्या रांगेला कान द्यावा लागेल असं म्हटलं.

दुसऱ्यांदा ते जास्त चांगलं झालं.